आत्याने चार किलो ओली हळद पाठवलीय. वाळवू, खाऊ की पुरू?

बाल्कनीतलं शेत

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

मागच्या रविवारी सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याहून आत्याने चुलतभावाबरोबर एक गोणपाटाची पिशवी पाठवली. वर हरभऱ्याचे डहाळे, मधे मेथी आणि तळाला चार किलो ओली हळद, मातीसकट. फोनवर म्हणाली, "खा, वाळव, काय करायचं ते कर, टाकू नकोस म्हणजे झालं." मी पिंपळे सौदागरला दोन खोल्यांत राहतो. हळद म्हणजे डब्यातली पिवळी पूड, एवढंच माझं ज्ञान.

आत्तापर्यंतचे पराक्रम:

वरणात चमचाभर पुडीऐवजी चमचाभर ओली हळद किसून टाकली. रंग धड आला नाही, आणि वास शेतातून थेट उचललेल्या गाजराचा. लेकीने ताट सरकवलं.

अर्धा किलोच्या चकत्या करून बाल्कनीत कापडावर वाळत घातल्या. कडा वळल्या, मधे मऊच राहिल्या, चौथ्या दिवशी पाच-सहा चकत्यांवर पांढरी बुरशी. ज्या वाळल्या त्या मिक्सरमधून काढल्या. पूड झाली, पण फोडणीत टाकल्यावर आपल्या ओळखीचा हळदीचा वास येतच नाही.

रात्री हळदीचं दूध करावं म्हणून दुधात थेट किसली आणि गॅसवर ठेवली. दूध फाटलं.

शिवाय मिक्सरचं भांडं, ओटा, माझी नखं आणि बायकोचा पांढरा कुर्ता पिवळा झाला आहे. कुर्त्यावरून घरात वातावरण तंग आहे.

तर प्रश्न असा, की ही आणि डब्यातली हळद एकच ना? मग दोघी अशा वेगळ्या का वागतात? आणि उरलेल्या सव्वातीन किलोचं करू काय?

चिमूटभर

आधी कुर्त्याचं बघा, बाकी हळद थांबेल. साबण लावला असेल तर डाग लाल झाला असेल. घाबरू नका, साबणाच्या खाराने हळद लाल होते आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. हळदीचं कुंकू याच गुणावर करतात, टाकणखार घालून. कुर्ता साध्या पाण्याने धुवून ओलाच कडक उन्हात टाका, दोन-तीन दिवस. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. मिक्सरचं भांडंही उन्हातच ठेवा. नखांना मात्र उपाय नाही, ऑफिसात हळद लागली म्हणून सांगा.

कृष्णाकाठची

दादा, तुमचं गाव आणि माझं माहेर यांच्यात नदीच काय ती आडवी. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झाड एकच. पण तुमच्या डब्यात जी आहे ती नुसती वाळवलेली हळद नाही, शिजवून वाळवलेली हळद आहे. सगळा घोळ तिथं झालाय. शहरात बहुतेकांना वाटतं की हळद काढली, उन्हात टाकली, दळली. तसं नसतं.

आमच्याकडं माघ-फाल्गुनात हळद निघायची तेव्हा शेताच्या बांधावर काहील लागायची. गुळाला असते तसली मोठी कढई. त्यात जेठे गड्डे (मधला जाड मूळ कंद) एका वेळी आणि हळकुंडं दुसऱ्या वेळी, कारण गड्डा जाड, त्याला वेळ जास्त लागतो. दोन्ही एकत्र टाकली तर एक कच्चं राहतं नाहीतर दुसऱ्याचा गाळ होतो. वर हळदीचाच पाला आणि गोणपाट झाकायचे. पाऊण-एक तासानं फेस वर यायला लागतो, आणि वास बदलतो. कच्चा मातकट वास जाऊन उग्र, गरम, नाकात बसणारा वास येतो. तोच तुम्ही डब्यात शोधत होता. आजोबा बाभळीच्या काटकीनं टोचून बघायचे, आरपार गेली की "उतरवा". आता बॉयलर आलेत, वाफेवर शिजते, काम झटपट होतं. पूर्वी काही जण काहिलीत शेणाचं पाणीही घालायचे, ते बंद झालं ते फार बरं झालं. कुणाला जुनं ते सोनं वाटत असेल तर त्यांनी ती हळद खाऊन दाखवावी.

शिजवल्यानं होतं काय, तर आतला पिठूळ भाग शिजून एकजीव होतो, रंग गाभ्यापासून सालीपर्यंत सारखा पसरतो, कोंब मरतो आणि वाळायला वेळ कमी लागतो. कच्ची तशीच उन्हात ठेवली की वरून सुरकुतते आणि आत ओल धरून बसते. तुमची बुरशी तिथून आली.

तुम्ही असं करा. दोन किलो वाळवायला काढा. माती धुवा, साल काढू नका, चकत्या तर मुळीच करू नका. बोटाएवढी हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे. मोठ्या पातेल्यात हळदीवर दोन बोटं पाणी, घट्ट झाकण, उकळी आल्यावर पाऊण तास. उदबत्तीची काडी टोचून बघा, शिजलेल्या बटाट्यासारखी सहज गेली पाहिजे. मग निथळून चटईवर पसरा. प्लास्टिकवर नको, खालून घाम धरतं. रात्री घरात घ्या, दव लागलं की रंग काळवंडतो. बाल्कनीत ऊन अर्धा दिवसच येत असेल, तेव्हा पंधरा-वीस दिवस धरून चाला. चौथ्या-पाचव्या दिवशी खारकेसारखी दिसेल आणि तुम्हाला वाटेल झाली. झालेली नसते. झाली कधी, तर दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की खण्ण वाजतात, आणि मोडलं की कट्कन मोडून आत शिंगासारखी चकाकी दिसते. पिठूळ मोडलं तर कच्चं राहिलं समजा.

पाच किलो ओलीची एक किलोच्या आसपास वाळकी होते. तेव्हा दोन किलोचे चारशे ग्रॅम मिळाले तर रडू नका, हिशेब बरोबर आहे. आणि ती घरच्या मिक्सरला घालू नका, पातं जाईल. खलबत्त्यात ठेचून मसाला कुटायच्या डंकावर न्या. पिठाच्या गिरणीवाला घेणार नाही, पुढच्या गिऱ्हाइकाची ज्वारी पिवळी निघते.

आता वरणाचं. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात-तुपात विरघळतो. म्हणून आपण मोहरी तडतडली, हिंग पडला, की शेवटी हळद टाकतो आणि लगेच डाळ ओततो, नाहीतर जळून कडू होते. तुम्ही ओली हळद थेट पाण्यात सोडली. शिवाय ओलीत तीन हिस्से पाणीच. पुडीइतका रंग हवा तर चार-पाच पट कीस लागेल, आणि मग ते वरण राहणार नाही, हळदीची भाजी होईल. म्हणून रोजच्या आमटीत ओली हळद घालायच्या भानगडीत पडूच नका. तिचं काम वेगळं आहे.

दुधाचं म्हणाल तर कच्चं आलं दुधात किसलं तरी दूध फाटतं, आणि हळद आल्याच्याच कुळातली. आधी कीस अर्धी वाटी पाण्यात पाच-सात मिनिटं खळखळ उकळा, मग त्यात दूध ओता. मिरपूड चिमूटभर, तूप दोन थेंब.

अवांतर: वाळलेली हळद पूर्वी सांगलीजवळच्या हरिपुरात पेवात ठेवायचे. जमिनीखाली खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, वरून मातीनं बंद. आत हवाच नाही त्यामुळं कीड नाही, वर्षानुवर्षं हळद तशीच. पेव उघडलं की लगेच कुणाला आत उतरू देत नसत, आधी तास न् तास हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस गुदमरायचा. २००५ च्या महापुरात बरीच पेवं पाण्याखाली गेली आणि हळद कुजली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना पेवंच आठवली.

मातीशी नातं

ताई, माहिती छान. पण शिजवून सत्त्व घालवायचं कशाला? आम्ही गेली काही वर्षं कच्चीच किसून सावलीत वाळवतो. सुंदर पिवळी पूड होते.

कृष्णाकाठची

होते की. चिप्सच्या किसणीवर कागदासारखी पातळ किसली आणि हवा कोरडी असली तर नक्की होते. काढ्याला, लेपाला वापरा, माझी हरकत नाही. पण दादांची तक्रार फोडणीच्या वासाची आहे, आणि तो वास त्या पुडीला येत नाही. तुमच्या घरात त्या वासाची सवय झाली असेल तर उत्तमच. सत्त्वाचं म्हणाल तर शिजवलेल्या हळदीचं पाणी बघा, किती फिकं असतं. रंग हळकुंडातच राहतो.

बडोदेकर

वाळवण्यावर एवढं लिहिलंत, पण खाण्याचं कुणी बोलेना! आमच्याकडे बडोद्यात थंडीत भाजीवाल्याकडे ओल्या हळदीचे ढीग असतात, शेजारी आंबेहळदीचे. दोन्ही सोलून काड्या करायच्या, वर मीठ आणि भरपूर लिंबू, काचेच्या बरणीत. दुसऱ्या दिवसापासून रोज जेवताना चार काड्या. बाजरीचा रोटला, उंधियू आणि ही हळद एवढं असलं की मला बाकी काही लागत नाही. हिला कच्चा वास असतो खरा, पण लिंबाने तो उलट छान लागतो.

आणि मारवाडी शेजाऱ्यांकडची हळदीची भाजी करून बघा. पाव किलो हळदीचा कीस, त्याला जवळजवळ तेवढंच तूप (वाचून दचकू नका), मंद आचेवर कडवटपणा जाईपर्यंत परतायचा, पंधरा-वीस मिनिटं तरी. कच्चा वास जाऊन खमंग वास आला की बाजूला काढायचा. त्याच तुपात कांदा, लसूण, आलं, मटार, मग फेटलेलं घट्ट दही, शेवटी कीस परत आत. वाटीभरच खायची, ती भाजीपेक्षा औषध जास्त. पुडीची ही भाजी होऊच शकत नाही.

तळकोकण

हळदीची पानं आली का पिशवीतून? नाही ना! तिथेच आत्या चुकली. अर्थात माघात पानं वाळलेलीच असणार, म्हणून माफ. आमच्याकडे हळद लावतातच मुळी पानांसाठी. श्रावणात नागपंचमीला आणि पुढे चतुर्थीला पातोळ्या. तांदळाचं पीठ पानावर पातळ थापायचं, आत गूळ-खोबरं, पान दुमडून उकडायचं. पान सोडवलं की पातोळीवर त्याच्या शिरा उमटलेल्या असतात. तो वास ना ओल्या हळकुंडाचा, ना पुडीचा, तिसराच. तेव्हा चार कोंब कुंडीत लावाच.

आणि लोणचं विसरू नका. पाव किलो हळद, मूठभर आंबेहळद (कैरीसारखा वास येतो ती), बोटभर आलं, आठ हिरव्या मिरच्या, पाच लिंबांचा रस, अडीच चमचे मीठ, मोहरीची डाळ, चिमूटभर मेथीपूड. हिंगाची फोडणी गार करून ओतायची. फ्रिजमध्ये महिनाभर छान राहतं.

बाल्कनीतलं शेत

तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय, हिशेब द्यायला.

दोन किलो शिजवली, दोन घाण्यांत. वास जिन्यात गेला आणि खालच्या काकूंनी विचारलं, कुणाचं लग्न आहे? काडीची परीक्षा लेकीने घेतली, प्रत्येक हळकुंडाला दोन-दोन भोकं आहेत. सहाव्या दिवशी मला खरंच वाटलं की वाळली. एक मोडून पाहिलं तर आत चिकट होती. अठराव्या दिवशी खण्ण वाजली. वजन ४१० ग्रॅम. डंकवाल्या मावशींनी हातात घेऊन विचारलं, "कुठली?" मी छाती फुगवून "वाळव्याची" म्हणालो, जणू मीच पिकवली.

काल त्याच वरणात, तेलात, शेवटी टाकली. लेकीने काही न बोलता भात मागितला.

बरणीतल्या लिंबाच्या काड्या संपल्या, लोणचं निम्मं राहिलं आहे. मारवाडी भाजी केली, तूप अर्धंच घातलं आणि भाजी कडू झाली. बडोदेकर, चूक माझी. कुर्ता पांढरा झाला, पण कॉलरजवळ एक ठिपका आहे, तो फक्त बायकोला दिसतो.

आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शिजवलेलीच पाठवणार होते, पण तुझी आई म्हणाली त्याला ओलीच आवडते." मला ओली हळद आवडते हे मला माहीत नव्हतं.

एक शेवटचं. तळाशी सात गड्ड्यांना हिरवट कोंब आलेत. आत्ताच लावू का? कुंडी केवढी घेऊ?

कृष्णाकाठची

आत्ता नको, अक्षय्य तृतीयेनंतर लावा. तोवर कोरड्या वाळूत, सावलीत ठेवा, पाणी अजिबात नको. कुंडी खोलीपेक्षा रुंदीला मोठी घ्या, फूट-दीड फुटाची, एका कुंडीत दोनच गड्डे, तळाला भोकं मोकळी हवीत. पाणी साचलं की कंद कुजतो. पानं तळकोकणवाल्यांसाठी श्रावणात काढा, पण एका झाडाची दोन-तीनच. आणि पुढच्या माघात पानं वाळून आडवी पडल्याशिवाय उकरून बघायचं नाही. लेकीलाही आत्ताच सांगून ठेवा.