मदत हवी आहे: ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान रेस ट्रॅकवर न्यायची आहे (पुणे ते इरुंगट्टुकोट्टै)

कात्रजचा_घाट:

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. माझ्याकडे २०२१ ची बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह आहे. तीन लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन-मीटर, चारही चाकांना ताकद. कागदावर शून्य ते शंभर ४.४ सेकंद. रोजचा वापर बाणेर ते हिंजवडी, तिथे शंभर म्हणजे मीटर, आणि सेकंदांचं बोलूच नका.

चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक (आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट, पण सगळे अजून एमएमआरटी, म्हणजे मद्रास मोटर रेस ट्रॅकच म्हणतात) ओळखीच्या एका ग्रुपने जानेवारीअखेरीस एका दिवसासाठी घेतलाय. शर्यत नाही, टायमिंग नाही. पंधरा-वीस मिनिटांची सेशन्स, ज्याने त्याने आपल्या वेगाने चालवायची. मी नाव देऊन बसलोय.

गाडी चालवत नेणार आणि चालवतच आणणार. फ्लॅटबेडचा (गाडी लादून नेणाऱ्या ट्रकचा) खर्च ऐकून बायको म्हणाली, तेवढ्यात आपण चौघं विमानाने चेन्नई बघून येऊ. तिची अट एकच: गाडी गेली तशी परत आली पाहिजे. फेब्रुवारीत मेहुण्याचं लग्न आहे आणि नवरदेवाची गाडी म्हणून हीच ठरलीय.

आता शंका. ब्रेक आहेत तसेच पुरतील का? सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो, "सर, ही परफॉर्मन्स गाडीच आहे, काही करायची गरज नाही." ऑफिसातला एक मित्र म्हणतो, ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, रस्ता सोडणार नाही, ट्रॅक्शन कंट्रोल बंद कर आणि मजा घे. टायरमध्ये हवा किती ठेवायची? आणि काही झालंच तर इन्शुरन्स मिळतो का? ट्रॅकवर आधी कधीच गेलो नाहीये, घाट मात्र भरपूर केलेत.

अंबत्तूरकर:

स्वागत! मी इथलाच, चेन्नईचा, ट्रॅकवर येणं-जाणं असतं. आधी सोपं सांगतो. रस्ता शोधायला नको. वारज्याला एनएच ४८ पकडा आणि सोडूच नका. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर, बंगळूर (तिथला काय तो गुंता), होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर. श्रीपेरुंबुदूर ओलांडलं की त्याच हायवेच्या कडेला ट्रॅक. साधारण साडेअकराशे किलोमीटर. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा आणि झोपा. रात्रभर गाडी हाकून सकाळी हेल्मेट घालणारे दरवेळी दोन-तीन असतातच.

महिना बरा निवडलाय. आमच्याकडे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि मार्चनंतरच्या उन्हात गाडी आणि माणूस दोघंही शिजतात.

आता ब्रेक. ॲडव्हायझर खोटं बोलत नाहीये, तो रस्त्याचं बोलतोय. तुमची गाडी माणसासकट अठराशे किलो धरा. १८० वरून ८० वर आणलीत की जवळजवळ १८ लाख ज्यूल उष्णता चार डिस्कमध्ये शिरते. खोलीच्या तापमानाचं साडेपाच लिटर पाणी उकळायला एवढीच लागते. हे एका ब्रेकिंगला! फेरी ३.७ किलोमीटरची, वळणं बारा. सगळीकडे एवढे ब्रेक लागत नाहीत, पण डिस्क थंड व्हायला मिळणारी उसंत मोजकीच.

पहिला बळी पॅडचा जात नाही, ब्रेक ऑइलचा जातो. डॉट ४ चं (हा ब्रेक ऑइलचा दर्जा) नवीन ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल पीत राहतं, आणि ओल पुरेशी मुरली की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. तुम्ही दोन पुण्यातले पावसाळे त्याच ऑइलवर काढले असतील तर आधी ते बदला. ऑइल उकळलं की कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल मऊ पडून खाली जातं. असं झालं तर पेडल दोन-तीनदा झटपट पंप करा, काहीतरी हाताला लागतं, आणि सेशन तिथेच संपवा. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाहीये, असं वाटलं तर तो पॅडचा ताप. दोन्ही वेगळे आहेत, पायाला फरक कळतो.

ऑइल बदलताना चांगल्या कंपनीचं, उकळबिंदू जास्त असलेलं डॉट ४ घ्या आणि चारही चाकांचं ब्लीडिंग (नळ्यांतलं जुनं ऑइल हवेसकट काढणं) समोर उभं राहून करून घ्या. फक्त वरच्या डबीतलं काढून नवीन ओततात, त्याचा शून्य उपयोग. जे गरम होतं ते कॅलिपरमधलं.

चौथं_चाक:

ऑफिसातल्या मित्राला माझा नमस्कार सांगा, आणि त्याचं ऐकू नका.

ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात, त्यामुळे थांबण्यात ऑल-व्हील-ड्राइव्हचा फायदा काडीचा नाही. उलट ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा), पुढचे शाफ्ट यांचं वजन जास्तीचं ओढायचं. वळणात शिरताना तुम्ही ॲक्सिलरेटरवर नसता, तेव्हाही ती ताकद कुठे जाते याला अर्थ नसतो. तिथे फक्त टायर बोलतो. जास्त वेगात शिरलात की स्टेअरिंग वळलेलं आहे आणि नाक सरळच चाललंय, अशी गत होते. नवशिक्या माणूस मग आणखी स्टेअरिंग वळवतो. पुढचे टायर आधीच दमलेले, ते आणखी घासतात. करायचं उलटं: ॲक्सिलरेटर हलक्याने कमी करा, स्टेअरिंग किंचित सैल सोडा, टायरला पकड घेऊ द्या.

फायदा आहे तो वळणातून बाहेर पडताना. एक्सड्राइव्हमध्ये ताकद मुळात मागच्या चाकांना जास्त, आणि ट्रान्सफर केसमधला क्लच गरजेप्रमाणे पुढे वाटत जातो. मागच्या चाकांच्या गाडीत जिथे पाय जपून दाबावा लागतो, तिथे तुम्ही अर्धा सेकंद आधी दाबता आणि गाडी निघते. फार सुंदर वाटतं ते. पण याचाच अर्थ पुढच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी तुम्ही जास्त वेगात पोचता, म्हणजे ब्रेकवर जास्त बोजा. ट्रॅकवर ऑल-व्हील-ड्राइव्हचं बिल ब्रेकच्या नावाने फाटतं, एवढं डोक्यात ठेवा.

डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा, ट्रॅक्शन कंट्रोल तिच्यातच) बंद करू नका. पहिल्या दिवशी तर मुळीच नाही. ते मध्ये पडलं की डॅशवरचा पिवळा दिवा लुकलुकतो, तोच तुमचा फुकटचा मास्तर. ज्या वळणाला दरवेळी दिवा लागतो तिथे तुम्ही एकतर उशिरा ब्रेक मारताय किंवा लवकर पाय दाबताय. शिवाय तो दिवा लागतो म्हणजे सिस्टिम एखाद्या चाकाचा ब्रेक स्वतः लावत असते, तुमचा पाय पेडलवर नसतानाही. ती उष्णता वेगळीच. दिवा न लावता फेरी काढता यायला लागली की मग एकदा बटण दाबून डीटीसीवर (त्याच यंत्रणेचा थोडा सैल मोड) या. त्याच्या पुढचं पुढच्या वर्षी बघा.

पॉलिसीचं_बारीक_अक्षर:

इन्शुरन्सचं थोडक्यात. तुमची पॉलिसी काढा, "वापराच्या मर्यादा" असं एक कलम असेल. संघटित शर्यत, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल या वापरांना पॉलिसी लागू नाही असं तिथे लिहिलेलं असतं. "शर्यत नव्हती, टायमिंग नव्हतं" हा युक्तिवाद करता येईल, पण क्लेम नाकारणाऱ्याशी घालायचा तो वाद आहे, त्याच्या भरवशावर जाऊ नका. कठड्याला गाडी लागली तर खर्च आपला, असं धरूनच निघा. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिच्यातही मोटरस्पोर्टबद्दल ओळ असते, ती वाचा. आणि गेटवर जो फॉर्म सही करायला देतात तो वाचून सही करा. जाता-येताचा एनएच ४८ अर्थातच पॉलिसीत आहे.

हॅच_भारी:

कटू बोलतो, राग मानू नका. एवढी महागडी, जड, घरच्या लग्नाची गाडी घेऊन पहिल्यांदा ट्रॅक कशाला? कोल्हापूरला हुपरीजवळ मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, तुमच्या त्याच हायवेवरून फुटून. नाहीतर कोईमतूरच्या करी स्पीडवेवर रेसिंग स्कूलचे कोर्स होतात, त्यांच्याच गाड्या, त्यांचेच टायर. हलक्या गाडीत शिकलेलं जड गाडीत उपयोगी पडतं, उलटं होत नाही. ३८७ हॉर्सपॉवर चुका झाकते हो. सरळ पट्ट्यावर सगळ्यांच्या पुढे जाता, म्हणून वाटतं आपल्याला येतंय.

यमुनापार:

हॅच_भारींशी निम्मा सहमत. पण पैसे भरलेत तर जावं माणसाने. आमच्याकडच्या, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटपेक्षा इरुंगट्टुकोट्टै पहिल्यांदा बरंच बरं. बुद्धची फेरी ५.१२५ किलोमीटर, मागचा सरळ पट्टा किलोमीटरभराचा. फॉर्म्युला वनसाठी बांधलेलं ते, २०११ ते २०१३ तीन वर्षं शर्यत झालीही. ताकदवान सेडानला तिथे वेग चढतच जातो आणि मग तोच प्रश्न, थांबायचं कसं.

कात्रजचा_घाट:

सगळ्यांचे आभार. हॅच_भारी, राग कसला, हुपरीचं खरंच डोक्यात घेतलंय. डिसेंबरात कोल्हापूरला जाणं होणारच आहे.

ब्रेक ऑइल बदलायचं नक्की. पण पॅड? एक जण ट्रॅकचे पॅड लाव म्हणतोय. आणि टायरचं कोणीच बोललं नाही अजून.

अंबत्तूरकर:

ट्रॅकचे पॅड नकोत. ते गरम झाल्यावर चावतात, थंड असताना नाही. पहाटे कृष्णगिरीच्या आसपास समोर लॉरी आडवी आली की तुम्हाला पहिल्या दाबाला ब्रेक हवाय. शिवाय किंचाळतात. वरात मंडपाशी पोचण्याआधी गाडीचा आवाज पोचेल. कंपनीचेच पॅड ठेवा, फक्त अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत ना बघा. नसतील तर तेच नवीन टाका आणि पुण्यातच चार-पाचशे किलोमीटर चालवून बसवून घ्या.

बाकी शिस्तीवर निभावतं. पहिली फेरी सावकाश, सगळं गरम व्हायला. मग तीन फेऱ्या मनासारख्या. मग एक पूर्ण फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता, पाय नव्हे हात म्हणतोय, इतका तो पाय लांब ठेवा. आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर). सेशन वीस मिनिटांचं आहे म्हणून वीस मिनिटं चालवायलाच हवी असं कुठे लिहिलेलं नाही.

पिटमध्ये आल्यावर पार्किंग ब्रेक लावायचा नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून राहिला की तेवढ्याच जागी पॅडचा थर बसतो आणि परतीच्या प्रवासात ब्रेक दाबताना स्टेअरिंग थरथरतं. तुमच्या गाडीत आणखी एक मेख आहे: ऑटो होल्ड चालू ठेवून इंजिन बंद केलंत तर पार्किंग ब्रेक आपोआप लागतो. म्हणून ऑटो होल्ड आधीच बंद करा, गिअर पीवर टाका, चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावा.

चौथं_चाक:

टायर. दारावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे त्यावर सकाळी थंड असताना सुरुवात करा. पहिल्या सेशननंतर लगेच, गाडी थांबल्या-थांबल्या मोजा. चार ते सहा पीएसआय वाढलेले असतील. तेव्हा थोडी हवा काढा, पुढच्या सेशननंतर पुन्हा मोजा. किती काढायची हे टायर सांगतो. ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) जिथे संपतो आणि साइडवॉल (टायरची बाजू) सुरू होते तिथल्या कडेवर खडूने उभी रेघ ओढा. खडू साइडवॉलपर्यंत पुसला गेला तर हवा कमी, ट्रेडवरचाच राहिला तर जास्त. स्वतःचा गेज न्या, तिथे दहा जण एकच गेज मागत फिरत असतात. आणि संध्याकाळी निघण्याआधी हवा परत भरा! कमी हवेवर हायवे करू नका.

ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्यांसाठी खास: एखादा टायर फाटला किंवा चपटा घासला तर मिळेल तो एकच टायर टाकून पुण्याला येऊ नका. चाकांचा घेर वेगवेगळा झाला की ट्रान्सफर केसमधला क्लच सतत घसरत राहतो, आणि ती दुरुस्ती टायरच्या कित्येक पट. त्याच मेकचा, त्याच पॅटर्नचा हवा, आणि जुने बरेच झिजले असतील तर जोडीने किंवा चारही. त्यामुळे चार-पाच मिलीमीटर ट्रेड शिल्लक असेल तरच निघा.

कात्रजचा_घाट:

कळलं. सध्या साधारण पाच मिलीमीटर दिसतंय, उद्या नीट मोजून घेतो. हेल्मेट बुलेटचं आहे, फुल फेस, आयएसआय. चालेल? आणि पेट्रोल?

अंबत्तूरकर:

असल्या दिवसांना बहुतेक आयोजक फुल फेस चालवून घेतात, पण तुमच्या ग्रुपला विचारून घ्या, नियम त्यांचे. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळव्याचे बूट. बूट रिकामा करा, म्हणजे गाडीचा. स्टेपनी असेल तर ती, मुलांची छत्री, सगळं हॉटेलवर. ड्रायव्हरखालचं मॅट काढा, ते पेडलखाली सरकतं. टो-हुक (गाडी ओढायचा हुक) टूलकिटमध्ये असतो, तो पुढच्या बंपरच्या झाकणामागे फिरवून बसवून बघा, आणि हे पुण्यातच करा. तिथे रेतीत रुतलेल्या गाडीत हुक कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये शोधणारे मी पाहिलेत.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं भरा. ट्रॅकवर लिटरला तीन किलोमीटर मिळाले तरी नशीब, आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. श्रीपेरुंबुदूरला हायवेवर पंप आहेत, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा भरून या. तेव्हाच मला फोन करा, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पहिल्या सेशनला बाजूच्या सीटवर बसायला आयोजकांनी परवानगी दिली तर मी बसतो.