ओल्या ट्रॅकसाठी रोड-लीगल टायर: १९५/५५ आर१६ मध्ये काय घ्यावं?

सातपूरची_पोलो

गाडी पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल, मूळ अलॉय, साइज १९५/५५ आर१६. नोव्हेंबरात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर टाइम अटॅक (घड्याळाविरुद्धची लॅप-शर्यत) आहे. आपल्याकडचा, नाशिकचा पाऊस तोवर संपलेला असतो, पण तिकडे ईशान्य मोसमी ऐन भरात, म्हणजे ओला ट्रॅक धरूनच चालायचं. गटाचा नियम: टायर रोड-लीगल हवा (आयएसआय किंवा युरोपीय मंजुरीचा ई मार्क), सुरुवातीला नक्षी किमान १.६ मिमी, खाचा हाताने कापायला बंदी.

कोरड्यासाठी २०० ट्रेडवेअरचा सेट आहे (ट्रेडवेअर म्हणजे झिजेचा आकडा, कमी म्हणजे मऊ रबर), नक्षी ४ मिमी शिल्लक. तोच पावसात चालवावा का? नवा घ्यायचा तर २०५ किंवा २१५ रुंदीचा घेऊन फायदा होईल का? ऑल-सीझनचं काय? आणि हवा कमी ठेवायची की जास्त? एकाने २६ पीएसआय सांगितली, दुसऱ्याने ३८.

अंबड_लेथ

४ मिमीचा २०० ट्रेडवेअर सेट पावसासाठी विसरा. या टायरांत मुळातच खाचा कमी आणि उथळ असतात, रबराचे ठोकळे मोठे. त्यातली निम्मी खोली गेली की साचलेलं पाणी जायला वाटच राहत नाही. १.६ मिमी ही कायद्याची किमान मर्यादा आहे, पाणी कापण्याची नव्हे. साध्या टायरचासुद्धा पाण्यातला फरक ३-४ मिमीच्या खाली गेल्यावर स्टिअरिंगमध्ये कळायला लागतो.

रुंदी वाढवू नका. तेवढंच वजन जास्त रुंदीवर पसरलं की टायरला पुढचं पाणी जास्त रुंदीत बाजूला सारावं लागतं आणि गाडी लवकर तरंगते. २१५/५० आर१६ तर सोडाच, २०५/५० आर१६ नेही कोरड्यात थोडं मिळेल, पावसात नाही. शिवाय व्यास ६२१ वरून ६११ मिमीवर येतो, म्हणजे गिअरिंगही किंचित बदलतं. मूळ १९५/५५ ठेवा. लोड इंडेक्स ८७ (५४५ किलो) किंवा वर, स्पीड रेटिंग व्ही (ताशी २४० किमी).

ऑल-सीझन ही थंड देशांची गोष्ट. त्यांच्या ठोकळ्यांवर ज्या बारीक चिरा असतात, त्या बर्फासाठी आणि ७ अंशांखालच्या रस्त्यासाठी. चेन्नईत पावसातही ट्रॅक २५-२८ अंशांवर असतो. तिथे ते ठोकळे लवचिकपणे हलतात, गाडी वळणात उशिरा वळते आणि ब्रेकमध्ये वळवळते. साइडवॉलवर एम+एस (चिखल-बर्फाची खूण) दिसलं की पुढे चला.

घ्यायचं काय? चांगला समर टायर, म्हणजे उबदार हवेसाठीचा, पकडीवर भर असलेला रोड टायर: सिलिकावालं कंपाउंड (रबराचं मिश्रण), लांबीच्या दिशेने तीन-चार रुंद खाचा, नव्यात ७.५-८ मिमी खोली. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ किंवा गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक हा त्या जातीचा नमुना. नेमक्या साइजमध्ये काय मिळतं ते दुकानातच कळेल, कारण नव्या टायरची आयात जून २०२० पासून परवान्याखाली आहे आणि १६ इंचात पर्याय कमी. तो वर्ग मिळालाच नाही तर चांगला टूरिंग (रोजच्या प्रवासाचा) टायर घ्या. पूर्ण नक्षीचा टूरिंग टायर अर्धवट झिजलेल्या सेमी-स्लिकला (तुमच्या २०० वाल्यासारख्या कमी खाचांच्या ट्रॅक-टायरला) साचलेल्या पाण्यात आरामात मागे टाकतो.

लेबलवर फार विसंबू नका. यूटीक्यूजी या अमेरिकी प्रतवारीमधलं 'ट्रॅक्शन ए' किंवा 'एए' हे ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत, चाक जाम करून, ताशी ४० मैलांवर मोजतात. युरोपचं वेट ग्रिप लेबल ८० वरून २० किमीपर्यंतच्या ब्रेकिंगचं, तेही पाण्याचा थर दीड मिमीच्या आतच असताना. वळणातली पकड किंवा तरंगणं या दोन्हींत नाही. ट्रेडवेअरचा आकडा तर कंपनी स्वतःच लावते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नयेत.

पेठरोड_रेव्हमॅच

अंबडशी बरंचसं सहमत, पण 'ओला' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. ट्रॅक भिजलेला आहे पण पाणी साचलेलं नाही, तेव्हा निर्णय कंपाउंड करतं, नक्षी नाही. योकोहामा ॲडव्हान ए०५२ सारखा मऊ २०० वाला नुसत्या ओल्यात भल्याभल्या रोड टायरांना मागे टाकतो, कारण त्याला तापायला फार उष्णता लागत नाही. टोयो आर८८८आर हा १०० ट्रेडवेअरचा. तो गरम झाल्याशिवाय काम करत नाही, आणि पावसात पाणी त्याला गरम होऊच देत नाही. म्हणजे 'सेमी-स्लिक पावसात वाईट' हे सरसकट खरं नाही. कोणता सेमी-स्लिक आणि नक्षी किती, हे विचारा.

ए०५२ सारखा टायर नवा, पूर्ण नक्षीचा असेल तर रिमझिम आणि सुकत्या ट्रॅकसाठी तोच. खड्ड्यांत, कर्बच्या आतल्या बाजूला पाणी दिसायला लागलं की अंबडचा समर टायर. ४ मिमीवाला मात्र कशातच नाही.

एक वेगळं: पावसात ड्राय लाइनवर (कोरड्यात सगळे ज्या मार्गाने जातात त्यावर) बसलेलं रबर आणि रंगवलेले कर्ब साबणासारखे होतात. टायर चुकीचा आहे असं वाटण्याआधी एक लॅप लाइनच्या बाहेरून काढून बघा.

त्र्यंबकरोड

हवेबद्दल. २६ सांगणारा आणि ३८ सांगणारा, दोघांच्या म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे, पण दोन्ही आकडे टोकाचे.

कोरड्यात थंड २८ भरली तर चार लॅपनंतर ३४-३५ होते. पावसात तोच टायर ३०-३१ वर थांबतो, कारण पाणी उष्णता काढून नेतं. म्हणून तीच २८ ठेवली तर टायर अख्खा वेळ मऊ राहतो, खाचा मिटतात आणि पाणी अडतं. पावसात थंड ३२ पासून सुरुवात करा. लक्ष्य गरम असताना ३४. पाणी साचलं असेल तर आणखी २ वाढवा.

का, त्याचं साधं गणित नासाच्या विमान-टायरवरच्या जुन्या कामातून आलंय: तरंगण्याचा वेग (किमी/तास) साधारण १६.६ गुणिले हवेच्या (पीएसआय) वर्गमूळ. ३० ला ९१, ३६ ला १००, ४० ला १०५. हे खाचांत पाणी मावेनासं झालं तेव्हाचं. चांगली नक्षी असेल तर वेग याहून वर जातो. पण आकड्यांकडे बघा: ४ पीएसआयसाठी फक्त ५ किमी. ३६ च्या पुढे जाऊन फारसं हाती लागत नाही, उलट मधलाच पट्टा टेकतो आणि साध्या ओल्यात पकड जाते. ३८ चा सल्ला म्हणूनच नको.

हवेचा वाढीव आकडा हाच तुमचा थर्मामीटर. इन्फ्रारेड गन पावसात पृष्ठभागावरचं पाणी मोजते, टायर नाही. ३२ पीएसआयच्या आसपास दर १० अंशांना हवा दीडएक पीएसआय वाढते. पिटमध्ये शिरल्याबरोबर, दोन मिनिटांच्या आत मोजा. ३२ ची ३२.५ च झाली असेल तर टायर कामच करत नाहीये: कंपाउंड कडक आहे किंवा तुम्ही हळू आहात. ३६ च्या वर गेली तर ट्रॅक सुकतोय.

आता नाशिककरांसाठी एक खास गोष्ट. आपण साधारण ६०० मीटरवर, चेन्नई समुद्रसपाटीला. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो, म्हणून इथे थंड ३२ भरलेला टायर तिथे त्याच तापमानाला ३१ दाखवतो. वर इथली पहाट गार आणि तिथली दुपार उबदार, तो फरक उलट्या दिशेने. तेव्हा घरून भरलेल्या हवेवर भिस्त नको. तिथे पोचल्यावर, सावलीत, गाडी दोन तास उभी राहिल्यावर, स्वतःच्याच गेजने पुन्हा.

सातपूरची_पोलो

धन्यवाद सगळ्यांना. मग ठरलं: पावसासाठी वेगळा सेट, वेगळ्या रिमवर, मूळ साइज. पैसे एकदाच घालायचेत, म्हणून समर टायर. रिमझिमीत जे हरवेल ते हरवू दे. दुकानात काय तपासू? आणि कोरड्यासाठी ठोकळे घासून कमी करतात, तसं काही करायचं का?

अंबड_लेथ

घासायचं बिलकुल नाही. घासतात ते कोरड्यात उंच ठोकळे हलू नयेत, तापून तुकडे उडू नयेत म्हणून. पावसात तीच उंची तुम्ही पैसे देऊन विकत घेताय.

दुकानात साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतले घ्या, आणि चारही एकाच काळातले. आयएसआय खूण, आयएस १५६३३ दिसायला हवी. ई मार्कजवळ 'एस२डब्ल्यूआर२' असं काही असेल तर त्यातला डब्ल्यू वेट ग्रिपची चाचणी पास झाल्याचा. हे सगळं फोटोत घेऊन ठेवा, स्क्रूटिनीला (शर्यतीआधीच्या गाडी-तपासणीला) वाद झाला तर कामाला येतं. फिरण्याच्या दिशेचा बाण असलेला टायर असेल तर चारही चाकं गाडीवर चढवून, समोर उभं राहून बघा. उलटा बसलेला एक टायर पाणी बाहेर टाकण्याऐवजी आत ओढतो. 'आउटसाइड' लिहिलेला असेल तर ती बाजू बाहेर, एवढंच.

हवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरणार असाल तर आधी टाकीतलं पाणी सोडायला सांगा. ओलसर हवेतल्या पाण्याची वाफ झाली की दाब हिशोबाबाहेर वाढतो आणि त्र्यंबकरोडने दिलेला थर्मामीटर खोटं बोलायला लागतो.

पेठरोड_रेव्हमॅच

दोन गोष्टी राहिल्या. नव्या टायरवर साच्याचा तेलकट थर असतो, तो कोरड्या रस्त्यावर दीड-दोनशे किमी शांतपणे चालवून काढा. रोजच्या सातपूर-सिन्नर फेऱ्यांत आठवड्याभरात होईल. त्यानंतर सेट उतरवून ठेवा. तेरा-चौदाशे किमी चेन्नईपर्यंत त्यावर जाऊ नका, जुन्या सेटवर जा. मागची सीट पाडली की चार चाकं मावतात. सीटवर जुनी चादर टाका आणि चाकं पट्ट्याने बांधा, ब्रेक मारल्यावर प्रत्येकी सोळा-सतरा किलो पुढे येतात. टायर काळे करणारं पॉलिश साइडवॉललाही नको, पहिल्या ओल्या वळणात ते नक्षीवर उतरतं.

आणि चारही टायर सारखे. पुढची चाकं ओढतात म्हणून चांगली जोडी पुढे आणि झिजलेली मागे, हा फ्रंट-व्हील-ड्राइव्हवाल्यांचा आवडता घोटाळा. ओल्यात ॲक्सिलरेटर सोडला की पोलोचं मागचं आधीच हलकं होतं. बोल्ट १२० न्यूटन-मीटरला, पहिल्या सेशननंतर पुन्हा एकदा टॉर्क रेंच लावा.

सरावाला कसारा घाट मात्र नको. समोरून येणाऱ्या ट्रकला टाइम अटॅकचं वेळापत्रक माहीत नसतं.