ज्युरीच्या आधी तडजोड शिकवावी

अमेरिकेची फौजदारी न्यायव्यवस्था शिकवताना ज्युरीपासून, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापासून, सुरुवात करावी, अशी एक सूचना आहे; ती विद्यार्थ्यांना आवडेल हे खरे. पण त्यामुळे चित्र आरंभीच चुकीचे उभे राहते. तिथे दोषी ठरणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण खटला न लढवता, बहुधा सरकारी वकिलाशी तडजोड करून, म्हणजे प्ली बार्गेनिंगने, गुन्हा कबूल करतात.

मी वर्गात १९७८ च्या 'बोर्डनकर्चर विरुद्ध हेझ' या निकालापासून सुरुवात करतो. केंटकी राज्यातील हेझ या आरोपीवर ८८ डॉलर ३० सेंटच्या बनावट धनादेशाचा आरोप होता. गुन्हा कबूल केल्यास ५ वर्षांच्या शिक्षेची शिफारस करू, अन्यथा सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली आरोप ठेवू, असे सरकारी वकिलाने त्याला बजावले. त्याने नकार दिला, ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि आधीच्या दोन गुन्ह्यांमुळे जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारी वकिलाचे हे वागणे राज्यघटनेत बसते असे ठरवले, आणि मला तो निकाल आजही अन्याय्य वाटतो. भारतात २००६ पासून अशी तडजोड करता येते, पण ७ वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत नाही. हा फरक त्याच तासाला दाखवता येतो.