कात्रणावर तारीख नाही: पुढे चित्रकोडी, मागे विजेचं घड्याळ

कात्रणपेटी
अमेरिकी वृत्तपत्राचं अर्धं पान आणि एक टेलिक्रॉन घड्याळ एकत्र मिळालं आहे. पानाचा वरचा भाग फाटल्यामुळे नाव-तारीख गेली. एका बाजूला ४३ ते ४८ क्रमांकाची सहा चित्रकोडी आहेत. चित्रं, अक्षरं आणि मध्ये अधिक-उणे चिन्हं. खाली नियम: सिगारेटच्या पाकिटांची वेष्टणं जोडा, किंवा त्यांची हुबेहूब नक्कल. मागे किल्ली न लागणाऱ्या घड्याळाची जाहिरात आणि सिनेमागृहांची यादी.

कात्रण कधीचं असेल? वेष्टण विकत घ्यायला लावायचं, तर नक्कल का चालत होती? आणि घड्याळावर ‘११० व्होल्ट, ६० सायकल’ लिहिलं आहे. पुण्यात स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर लावलं तर ते तासाला बरोबर दहा मिनिटं मागे पडतं. ट्रान्सफॉर्मर खराब आहे का?

जुनीशाई
कोड्यांची ठेवण ओल्ड गोल्ड सिगारेटच्या १९३७ च्या स्पर्धेची दिसते. लोरिलार्ड कंपनीने पहिलं बक्षीस १ लाख डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर ठेवले होते. आठवड्याला सहा याप्रमाणे ९० कोडी होती, म्हणजे ४३ ते ४८ हा आठवा संच. ही स्पर्धा गाजल्यावर तशाच धाटणीच्या इतर स्पर्धाही निघाल्या, म्हणून नियमांच्या बारीक अक्षरांत लोरिलार्डचं नाव सापडलं तरच नक्की समजा.

नेमका दिवस मात्र मागच्या बाजूनेच ठरेल. दोन्ही बाजू एकाच दिवशी छापलेल्या असतात. सिनेमागृहांची यादी शहराच्या डिजिटल संग्रहाशी ताडून पाहा. एकच चित्रपट घेऊ नका, तो महिनाभर चालू शकतो. तीन-चार गृहांचे चित्रपट एकत्र जुळणारा आठवडा शोधा. जाहिरातीतले पत्तेही बघा. मोठ्या शहराच्या नावापुढे एक-दोन अंकी टपाल विभाग असेल तर कात्रण १९४३ किंवा नंतरचं, पाच अंकी झिप कोड (तिथला पिनकोड) असेल तर १९६३ किंवा नंतरचं. निळ्या गरुडाचं चिन्ह, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय औद्योगिक पुनरुज्जीवन कायद्याची खूण, असेल तर १९३३ ते १९३५. मे १९३५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कागदाच्या पिवळेपणावरून वर्ष काढू नका. लाकडाच्या लगद्याचा कागद उन्हात काही दिवसांतच पिवळा होतो.

नक्कल चालण्याचं कारण लॉटरीचा कायदा. बक्षीस, नशीब आणि भाग घेण्यासाठी मोजलेली किंमत, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी, आणि तिथल्या टपालातून लॉटरी पाठवायला बंदी. नक्कल स्वीकारली की ‘खरेदीची सक्ती नाही’ असं म्हणता येतं.

लोलक
ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. तो व्होल्ट बदलतो, वारंवारता नाही. हे घड्याळ विजेच्या आवर्तनांची (सायकलींची) मोजणी करतं. सेकंदाला ६० च्या हिशेबाने केलेले दाते आपल्याकडच्या ५० वर पाच-षष्ठांश वेगाने फिरतात. तासाला १० मिनिटं, दिवसाला ४ तास.

जाहिरातीतल्या अचूकतेचं अर्धं यंत्र वीजकेंद्रात असायचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टेलिक्रॉनचा जनक हेन्री वॉरन याचं मुख्य घड्याळ २३ ऑक्टोबर १९१६ ला बॉस्टनच्या वीजकेंद्रात बसलं. एकाच तबकडीवर दोन काटे: एक लोलकावर चालणारा, दुसरा केंद्राच्या विजेवरच्या मोटरचा. दोन्ही एकमेकांवर राहतील असा वेग कर्मचाऱ्याने जनित्राला द्यायचा. त्यामुळे घराघरांतली घड्याळं आपोआप बरोबर.

आपल्याकडे ५० हर्ट्झचं (म्हणजे सेकंदाला ५० सायकलचं) घड्याळ लावलं तरी हा हिशेब ध्यानात ठेवा: दिवसभराची सरासरी ०.०१ हर्ट्झने हलली की १७.२८ सेकंदांचा फरक. ४९.९५ सरासरी म्हणजे दिवसाला ८६ सेकंद मागे.

शिवाय ६० हर्ट्झची कॉइल ५० वर त्याच व्होल्टला जास्त करंट ओढते आणि तापते. कायमचा उपाय होईपर्यंत चालवायचंच असेल तर ९५ व्होल्टच्या आसपास ठेवा.

पन्नास_आवर्तनं
कायमचे उपाय दोन. पहिला, ५० सायकलचा रोटर, म्हणजे घड्याळ फिरवणारी सीलबंद डबी. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच भागात १९४८ पर्यंत ५० सायकलच होती, म्हणून असे रोटर बनलेले आहेत. घेताना रोटरवरचं अक्षर, अंक आणि सायकल तिन्ही जुळवा. बी-३ च्या जागी बी-२ बसतो, पण पहिल्याचा बाहेरचा दांडा मिनिटाला ३.६ फेरे घेतो, दुसऱ्याचा १.

दुसरा, ६० हर्ट्झ स्वतः तयार करणं. क्रिस्टलवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरमधून साइन तरंग, १२ व्होल्टवरचा ब्रिज प्रकारचा ऑडिओ ॲम्प्लिफायर, पुढे ११५/६ व्होल्ट, ६ व्हीएचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडलेला. घड्याळाला २-३ वॉट पुरतात. चौकोनी तरंग देऊ नका, कॉइल गुणगुणते आणि तापते. ॲम्प्लिफायरच्या दोन टोकांत डीसी उरलेला नाही ना, हे ट्रान्सफॉर्मर जोडण्याआधी मोजा. नाहीतर ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेत नाही, आणि आउटपुट पडतं.

कात्रणपेटी
नियमांत लोरिलार्ड सापडलं, आभार. रोटर घरघर करतो, आणि गार असताना कधी कधी सुरूच होत नाही. तबकडीवर लाल ठिपकाही दिसतो.

लोलक
लाल ठिपका बिघाड नाही. टेलिक्रॉन वीज आल्यावर आपणहून सुरू होतं, म्हणजे वीज जाऊन आल्याचं कळणार नाही आणि चुकीची वेळ खरी वाटेल. ठिपका तेच सांगतो. वेळ लावून तो परत फिरवायचा. त्याच काळातल्या हॅमंडच्या साध्या घड्याळांना मागची कळ हाताने फिरवावी लागे, ती वीज गेली की सरळ थांबत.

घरघर म्हणजे सीलबंद डबीतलं तेल आटलं. डबीच्या आतला फिरता भाग ६० सायकलवर मिनिटाला ३६०० फेरे घेतो, दाते तो वेग कमी करतात. तात्पुरतं, घड्याळ काही तास उलटं ठेवून पाहा. पक्कं करायचं तर डबीच्या कडेला १ मिमीची दोन छिद्रं पाडा, एक तेलाला, एक हवेला. ड्रिल आत घुसू देऊ नका, नाहीतर दाते जातील. डबी कोमट करून पातळ सिंथेटिक तेल थेंबाथेंबाने सोडा आणि छिद्रं झटपट डाग देऊन बंद करा.

त्याआधी वायर बदला. त्या काळच्या वायरचं रबर वाकवताच तुटतं. कॉइल आणि लोखंडी गाभा यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रावर) निदान १ मेगाओम आला पाहिजे.

जुनीशाई
मुंबईची बक्षीस-कोड्यांची कात्रणं जमवणाऱ्यांसाठी एक खूण. प्राइझ कॉम्पिटिशन्स ॲक्ट, १९५५ हा कायदा १ एप्रिल १९५६ पासून लागू झाला. महिन्याला १००० रुपयांवर बक्षिसांना मनाई, एका स्पर्धेला २००० पेक्षा जास्त प्रवेशिका नाहीत, आणि त्या मर्यादेतही परवाना हवा. बंगळूरहून निघून मुंबई राज्यात खपणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या वृत्तपत्राच्या चालकांनी या कायद्याला आव्हान दिलं, पण ९ एप्रिल १९५७ ला सर्वोच्च न्यायालयाने तो नशिबावरच्या स्पर्धांपुरता वैध ठरवला. म्हणून हजारो रुपयांच्या बक्षिसाचं बिनतारखेचं शब्दकोडं हाती आलं, तर आधी १९५६ पूर्वीचे अंक चाळा.