ईसीजी निघायला साडेपाच तास लागले. बाबांसाठी तक्रार करावी का?

मुलुंडची मुलगी:
बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. निवृत्तीनंतर पाचच वर्षं मिळाली. त्या रात्री जेवण झालं आणि पोटाच्या तोंडाशी दुखायला लागलं. घाम इतका की बनियन पिळून काढावं. घराजवळच्या खाजगी नर्सिंग होममध्ये 10:40 ला दाखल केलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून सलाईन आणि पॅन्टोप्राझोलचं इंजेक्शन दिलं. मी दोनदा ईसीजीचं विचारलं. उत्तर, टेक्निशियन सकाळी येतो. पहाटे बाबा म्हणाले, "घंटी मार गं." नर्सची म्हणाले की बसची, मला अजून कळलेलं नाही. मग धावपळ, ईसीजी, मोठा अटॅक. दुसरीकडे हलवायला अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत 5:20 ला गेले. पोस्टमॉर्टेम केलं नाही, त्या वेळी सुचतं कुणाला? बिल 18,400 रुपये, भावाने भरलं.

ऑगस्टमध्ये दोन वर्षं होतील. कागदांची निळी पिशवी कपाटावर तशीच आहे. आई म्हणते, "माणूस परत येणारे का?" पोलिसात जाऊ की ग्राहक मंचात?

वांद्र्याच्या फेऱ्या:
ताई, आधी तारीख सांभाळा. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं, त्या वाटेला जाऊच नका. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार चालते, म्हणजे उपनगर जिल्हा, वांद्रे. कुठल्या पातळीवरचा आयोग हे भरलेल्या बिलावरून ठरतं, भरपाई किती मागता त्यावरून नाही. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला फी शून्य.

पोलिसांचं म्हणाल तर 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवर गुन्हा चालवायला घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि आधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत. भरपाईसाठी तो रस्ता नव्हे.

आजच नर्सिंग होमला लेखी अर्ज करा: केसपेपर, नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट, सगळं. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे 72 तासांत द्यायला हवं. रेकॉर्ड तीन वर्षंच ठेवायचं बंधन आहे, त्यामुळे थांबू नका. माझ्या सासूबाईंच्या केसला चार वर्षं झाली, अजून युक्तिवाद चाललाय. हे माहीत असूनच उतरा.

एक त्रस्त डॉक्टर:
रात्री दोनला आम्ही पण माणसंच असतो. प्रत्येक मृत्यू म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

मुलुंडची मुलगी:
मान्य. पण मी दोनदा विचारलं होतं.

निवृत्त सिस्टर:
कॅज्युअल्टीत 31 वर्षं काढली. घाम आणि पोटाच्या वरच्या भागात दुखणं, दहा मिनिटांत ईसीजी. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक अगदी अ‍ॅसिडिटीसारखा वाटतो, म्हणून तर काढायचा. टेक्निशियन कशाला हवा? रात्री आम्हीच चिकटवायचो.

पण समोरचा वकील म्हणेल, ईसीजी लवकर काढूनही ते वाचले नसते. तुमची खरी लढाई तिथे आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर तितकी उपयोगी, हे हृदयरोगतज्ज्ञाकडून लेखी घ्या.

आणि बाळा, ईसीजीची मूळ पट्टी तुझ्याकडे आहे का? तो थर्मल कागद असतो, पुसट होतो. लगेच झेरॉक्स काढ. लॅमिनेट करू नकोस, उष्णतेने काळा पडतो.

मुलुंडची मुलगी:
पिशवी उतरवली. चष्मा, हाताची पट्टी, बिल, आणि घडी घातलेला ईसीजी. फिकट झालाय, पण कोपऱ्यात 04:12 वाचता येतं. तीन झेरॉक्स काढल्या. अर्ज आईसमोरच लिहिला. ती काही बोलली नाही. दारातून निघताना म्हणाली, "दोन प्रती ने, एकीवर पोच घे. शिक्का मारून घे."