माल्कम पेठ आणि वेण्णा तलाव: बंगल्यांची वस्ती जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?

शाहूपुरीकर (सातारा)

महाबळेश्वरचे जुने बंगले एकेक करून पडताहेत किंवा हॉटेलं होताहेत. साताऱ्यात हा विषय निघाला की निम्मे लोक म्हणतात, "साहेबांचे बंगले, गेले तर गेले." मला हे पटत नाही, म्हणून धागा काढतोय. माझं म्हणणं सरळ आहे: वेण्णा तलावापासून बाजारपेठेपर्यंत आणि तिथून पॉइंटांकडे पसरलेली ही जुनी वस्ती, म्हणजे माल्कम पेठ, अख्खी जपली पाहिजे. एखादा देखणा बंगला निवडून त्यावर पाटी लावून भागणार नाही.

थोडा इतिहास, कारण तो साताऱ्याचाच आहे. साताऱ्याच्या छावणीतला अधिकारी लॉडविक १८२४ साली हा डोंगर चढून गेला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हवापालटाचं ठिकाण म्हणून त्यात लक्ष घातलं. १८२९ च्या तहाने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी तो मुलूख इंग्रजांना दिला आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे वर जाणारा रस्ता महाराजांच्याच काळातला. वेण्णेवर बांध घालून तलाव केला तो १८४२ मध्ये, त्यांच्यानंतर गादीवर आलेले त्यांचे भाऊ अप्पासाहेब महाराज यांनी. मग उन्हाळ्यात मुंबई इलाख्याचं सरकारच वर मुक्कामाला येऊ लागलं. साहेबांमागोमाग मुंबईचे पारशी, गुजराती, बोहरी धनिक आले, संस्थानिक आले. १९४५ च्या उन्हाळ्यात गांधीजी मोरारजी कॅसलमध्ये राहिले होते, तोही असाच एका धनिकाचा बंगला.

या वस्तीचा स्वभाव श्रीमंती आहे, ते लपवायचं कारण नाही. पण ती श्रीमंती दाखवण्याची तऱ्हा बघा. रस्त्यावरून बंगला दिसतच नाही. फाटक, लाल मातीची वाट, जांभळाची आणि हिरड्याची झाडी, आणि बरंच आत गेल्यावर जांभ्या दगडाची बैठी इमारत, पत्र्याचं उतरतं छप्पर, तिन्ही बाजूंनी व्हरांडा. दोन बंगल्यांच्या मधे जंगल शिल्लक आहे, कारण जागाच तेवढी मोठी दिली गेली. हे तुकडे पाडून विकले की जंगल जाणार, आणि गेलेलं जंगल पुन्हा येत नाही.

मेढ्याचा_बापू

दादा, लिहिलंय छान. पण सगळी गोष्ट फाटकाच्या आतून सांगितलीय. मी जावळीचा माणूस, थोडी बाहेरून सांगतो.

जंगल बंगलेवाल्यांनी राखलं म्हणता. त्या डोंगरावर माणसं आधीपासून राहत होती. कुणबी होते, कोळी होते, धनगर होते. धावड होते, ते लोखंड गाळायचे. कुमरी करायची म्हणजे झाडोरा तोडून, जाळून त्या राखेत नाचणी-वरी घ्यायची, हीच तिथली शेती. इंग्रजांनी जंगलावर निर्बंध आणले तशी कुमरी आवळली गेली. धावडांना कोळसा मिळेना, त्यात बाहेरचं स्वस्त लोखंड बाजारात आलं, त्यांच्या भट्ट्या थंडावल्या. साहेबाच्या व्हरांड्यातून दिसणारी हिरवाई अशी राखली गेली. तिची किंमत कुणी मोजली ते तुमच्या इतिहासात नाही.

आणखी एक. १८३४ पासून पुढची तीसेक वर्षं तिथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. बटाटा आणि विलायती भाज्या तिथल्या मातीत त्या कैद्यांनी रुजवल्या. साहेबाच्या टेबलावरची भाजी कैद्याच्या हातची. लॉडविकच्या नावाचा खांब उभा आहे. या लोकांचं काय आहे?

पेठेतला_पोर (महाबळेश्वर)

मी इथलाच. बाजारात आमचं दुकान आहे, म्हणून बोलतो. बापूभाऊंचं खरं आहे. शाहूपुरीकर काकांचंही खोटं नाही. पण दोघंही उन्हाळ्याचं महाबळेश्वर बोलताय.

इथे सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जूनच्या मध्याला मालक खाली जातात, बंगल्याला कुलूप लागतं. मग तो जिवंत कोण ठेवतं? माळी आणि राखणदार. पावसाआधी भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या, आता बऱ्याच ठिकाणी निळं-काळं प्लॅस्टिक बांधतात. आत गाद्या खाटांवर उभ्या करून ठेवायच्या आणि खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची, नाहीतर पंधरा दिवसांत बुरशी चढते. कपाटाची दारं फुगतात, ती उघडी ठेवायची. पत्र्याचा एखादा खिळा सैल झाला तर त्याच दिवशी वर चढायचं, उद्यावर टाकलं की आख्खा पत्रा जातो. ज्या बंगल्यातला राखणदार गेला तो बंगला पडला, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. जांभा दगड काही आपोआप शंभर वर्षं उभा राहत नाही.

आणि ही माणसं राहतात कुठे? बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये. आजोबा तिथे, बाप तिथे, नातूही तिथे. नावावर एक फूट जागा नाही.

जपण्याबद्दल म्हणाल तर २००१ च्या जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणीला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. चांगलंच केलं. पण पेठेतल्या माणसाला, पोराचं लग्न ठरलं म्हणून वर एक खोली चढवायची तर कागद फिरत राहतात. आणि बाहेरून आलेल्याचं तीन मजली उभं राहतं. ते कसं, हे मला विचारू नका. पण उभं राहतं.

वास्तुरचना_सांगली

पेशाने वास्तुरचनाकार आहे, जुन्या जांभ्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं केली आहेत. या चर्चेत तलाव मागे पडला आणि बंगले पुढे आले. मला तो क्रम उलटा वाटतो.

महाबळेश्वरचा माथा म्हणजे काळ्या बेसाल्टवर बसलेला जांभ्याचा थर. जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली उतरतं आणि जांभा संपून घट्ट थर लागतो त्या पातळीवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे देवळांच्या जुन्या गावात, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचा उगम आपण मानतो, त्या श्रद्धेखालचं भूशास्त्र हे आहे. सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे मे महिन्यात पाण्याची ओढ का लागते, याचंही उत्तर यातच आहे. पाणी साठून राहत नाही, वाहून जातं. ते थोपवतं झाडाखालचं पालापाचोळ्याचं मऊ आवरण, आणि उरलेलं साठवतो तो वेण्णा तलाव.

एवढ्यासाठी मला मोठाले मोकळे भूखंड हवेत. मालक कोण, पारशी का पुण्याचा बिल्डर, याच्याशी पाण्याला देणंघेणं नाही. पण एका बंगल्याच्या जागी चाळीस खोल्यांचं हॉटेल झालं की फरशी टाकली जाते, गाड्यांसाठी सपाटी होते, झिरपणारी जमीन बंद होते आणि चाळीस खोल्यांचा मैला त्याच सच्छिद्र जांभ्यात सोडला जातो. शोषखड्ड्यात गेलं म्हणजे नाहीसं झालं असं इथे समजता येत नाही. वरच्या खड्ड्यातलं पाणी खालच्या झऱ्यात येतं. आणि त्या तलावाचं पाणी महाबळेश्वर पितं, पाचगणीही पिते.

वाईची_लेक

शाहूपुरीकर, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मला टोचलं. "महाराजांनी मुलूख दिला आणि बदल्यात खंडाळा घेतलं", जणू दोन सावकारांनी शेताची अदलाबदल केली. १८१८ साली मराठी राज्य बुडालं. प्रतापसिंह महाराजांना १८१९ च्या तहाने गादी मिळाली ती इंग्रजांच्या अटींवर आणि रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारी नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. त्या माणसाला १८२९ मध्ये गव्हर्नरला नाही म्हणण्याची किती मुभा असेल? पुढे दहाच वर्षांत, १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. तलाव बांधणारे अप्पासाहेब १८४८ मध्ये गेले आणि सातारा खालसा झालं.

हे उगाळत बसायचं म्हणून सांगत नाही. याचा आजच्या वादाशी संबंध आहे. तलाव झाला तेव्हा साताऱ्याचं संस्थान अजून उभं होतं, म्हणजे पैसा आपल्या रयतेच्या वसुलीतला. रस्त्याचंही तेच. बऱ्याच बंगल्यांच्या जागा सरकारी, भाडेपट्ट्याने दिलेल्या. म्हणजे या श्रीमंत वस्तीचा पाया सार्वजनिक आहे. रस्ता आपला, पाणी आपलं, जमीन आपली. श्रीमंतांचं काय असेल तर वर बांधलेल्या भिंती. म्हणून जपा म्हणताना मालकांवर उपकार केल्यासारखं किंवा त्यांचे उपकार मानल्यासारखं बोलू नका. आपण मालक आहोत, ते भाडेकरू आहेत, अशा सुरात बोला.

शाहूपुरीकर

वाईच्या ताईंचा मुद्दा मोठा आहे आणि तो माझ्या बाजूने पडतो असं मला वाटतं. जागा सरकारी आहे म्हणूनच ती जपणं शक्य आहे. खासगी असती तर कधीच विकली गेली असती. भाडेपट्टा नव्याने करताना अट घालता येते: झाड तोडायचं नाही, जोत्याचा आकार वाढवायचा नाही, सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडायचं नाही.

बापू, तुमचा राग समजतो. पण मला एक सांगा, बंगला मोडला म्हणून ती जमीन धावडांच्या किंवा कुणब्यांच्या वारसाला मिळाल्याचं एक तरी उदाहरण आहे का? ती जाते हॉटेलवाल्याकडे. जुना अन्याय भरून निघत नाही, वर नवा चढतो. मला बंगलेवाल्यांचा पुळका नाही. मला त्या फाटकापासून जोत्यापर्यंतच्या झाडीची काळजी आहे.

कोयनाकाठ

मी तापोळ्याच्या बाजूचा. आमच्याकडे कोयना धरणाचा शिवसागर आहे. साठच्या दशकात आमच्या पिढ्यांची भातखाचरं त्या पाण्याखाली गेली, गावंच्या गावं उठली. कोण ठाण्याकडे गेलं, कोण रायगडकडे. उरले ते काठावर वर सरकले. आता त्याच काठाला "लेक व्ह्यू" म्हणून भाव आलाय आणि वर "नवीन महाबळेश्वर"ची चर्चा चालू आहे.

माल्कम पेठेत दोनशे वर्षांपूर्वी झालं ते आमच्या काठावर आत्ता होतंय. फरक एवढाच की माल्कम पेठेत निदान झाडं ठेवून घरं बांधली. इथे आधी जेसीबी येतो. डोंगराचा उतार कापून पायऱ्या करतात, पहिल्या पावसात लाल गाळ थेट जलाशयात. म्हणून मी शाहूपुरीकरांच्या बाजूने आहे, कारणं बापूंची असली तरी. जुनी वस्ती नमुना म्हणून शिल्लक राहिली तर नव्यांना दाखवता येईल की पैसेवाल्यालाही झाडाच्या मागे राहता येतं.

मेढ्याचा_बापू

कोयनाकाठ, तुमचं दुखणं माझंच आहे. पण नमुना म्हणून काय दाखवणार? बंद फाटक? वर्षातले बरेच महिने कुलूप? तळ्याकाठी आज सामान्य माणसाला काय मिळतं ते बघा. सुट्टीत पाचगणीकडून येणाऱ्या गाड्या तळ्यापाशी तुंबतात. बोटीसाठी रांग, मक्याची कणसं, घोड्याची एक फेरी, आणि परत. हीच मोठी माणसं तक्रार करतात की घोड्यांची लीद पावसात तळ्यात जाते, घोडे हटवा. लीद जाते, मान्य. तिची सोय करा, घोडेवालाही तयार होईल. पण त्या पोराचं घर त्या एका जनावरावर चालतं. हॉटेलच्या मैल्याबद्दल एवढ्या जोरात कुणी बोलतं का?

पेठेतला_पोर

घोड्यांवरून भांडू नका. तळ्याजवळ कडाक्याच्या थंडीत दव गोठून हिमकण होतात, बोटीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर, लिंगमळ्यापर्यंत स्ट्रॉबेरीच्या पानांवर. तेव्हा पहाटे घोड्याला पोतं पांघरून उभा असलेला माणूस इथला असतो. स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही इथल्या शेतकऱ्याच्या जिवावर. वस्तीचा स्वभाव म्हणता ना काका, त्यात हेही धरा.

वास्तुरचना_सांगली

काम पुढे न्यायचं तर भाडेपट्ट्याच्या अटींचा एक मसुदा आपणच लिहू आणि लोकप्रतिनिधींना देऊ. माझ्या मते पहिली अट सांडपाण्याची. तलावाच्या पाणलोटात येणारी प्रत्येक मिळकत आधी तपासा, जुना बंगला असो की नवं हॉटेल. दुसरी, फरशीखाली गेलेल्या जमिनीची मर्यादा. तिसरी, दुरुस्ती जांभ्यातच आणि चुन्यातच. सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजते.

शाहूपुरीकर

मान्य. पाणी पहिलं. चौथी अट माझी: वर्षातले काही दिवस बाग लोकांसाठी खुली.

पेठेतला_पोर

पहिली अट आउटहाउसची हवी. मागे तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला राहत्या खोलीचा कागद द्या, मगच मालकाचा भाडेपट्टा वाढवा. पाण्याची अट पाळली जाते की नाही हे रोज बघणारा माणूस तोच आहे. मालक मुंबईत असतो.

शाहूपुरीकर

न्याय म्हणून पटतं. पण पहिल्या क्रमांकाला हे घातलं तर मालक कोर्टात जातील, आणि सांडपाण्याचा प्रश्नही त्याच फायलीत अडकेल.

वाईची_लेक

जाऊ देत कोर्टात. जमीन सरकारची आहे. मी पोराच्या बाजूने. मसुदा लिहायला घ्या, क्रम काय ठेवायचा ते इथेच भांडून ठरवू.