हापूसच्या पेटीवर एकच टॅग, दोन फ्रिक्वेन्सी?

पावसचा बागायतदार: गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर (१३.५६ मेगाहर्ट्झ) आणि गोदामाच्या रीडरवरही (८६५-८६८ मेगाहर्ट्झ) वाचला जाईल असा आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचली जाणारी चिपची पट्टी) हवाय. एका अँटेनात जमेल? काही पेट्या अमेरिकेलाही जातात, तिथे ९०२-९२८.

रत्नागिरी, आरएफवाला: दादा, एकाच अँटेनाचा हट्ट नको. मोबाईलला कॉइल (तारेचं वेटोळं) लागते, ती चुंबकीय क्षेत्रावर चालते. गोदामासाठी डायपोल, म्हणजे दोन सरळ भुजांचा अँटेना. ८६६ मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी सुमारे १७ सेंमी, डायपोल साधारण तेवढा लांब. तो नागमोडी दुमडून आखूड करतात. दोन्ही जोडता येतील अशी चिप मिळते. अमेरिकेसाठी वेगळा डायपोल नको, हाच ८६० ते ९३० पकडेल इतका रुंद ठेवा.

मालवणकर: आंब्यात पाणी आसता, ता यूएचएफ (गोदामाच्या रीडरची लहर) शोषता! टॅग फळापासून लांब लाव आणि भरल्या पेटीवरच मोजून बघ.

पावसचा बागायतदार: कॉइल डायपोलच्या मधोमध चालेल?

रत्नागिरी, आरएफवाला: चालेल, पण कॉइलमुळे डायपोलचं ट्यूनिंग (ज्या फ्रिक्वेन्सीवर तो नीट चालतो ती) सरकतं. दोन्ही एकत्रच संगणकावर सिम्युलेट करा.